दुपटीचा नियम आणि एका भोकातल्या दोन बिया

पुसदच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होतो, तेव्हा माझ्या हातून विश्वाचा एक नियम मोडला. निदान प्राचार्यांनी गेटवर तसा फ्लेक्स लावला होता.

प्रकरण असं. चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क मिळून झालेला एक जड कण असतो. तो फार टिकत नाही. फुटला की कधी त्यातून पायॉन नावाचे दोन हलके कण निघतात, एक धन विद्युतभाराचा आणि एक ऋण. कधी दोन्ही उदासीन निघतात. सममितीचा नियम सांगतो की पहिला प्रकार दुसऱ्याच्या दुप्पट वेळा घडला पाहिजे. माझ्या पीएचडीच्या गणितात दोन्ही सारखेच येत होते. मी सहा वेळा तपासलं. सहाही वेळा तीच चूक तितक्याच काळजीने केली, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

स्टाफरूममध्ये हे बोलून बसलो आणि शनिवारी सत्कार ठरला. संस्थेचे अध्यक्ष येणार होते. सोमवारी कायम नोकरीसाठी माझी मुलाखत घेणारेही तेच. कापूस पिकवणाऱ्या घरांत त्या वर्षांत कायम नोकरी हे एकच पीक होतं ज्याला बोंडअळी लागत नव्हती.

गुरुवारी बोरी अरबला घरी गेलो. शेतात कपाशीची टोबणी चालू होती. बियाणं महागलं म्हणून वडील एका भोकात एकच बी टाकत होते. मी सवयीने दोन टाकल्या.

"काहून दोन-दोन टाकून राह्यला?" वडील म्हणाले. "अन् तू नियम मोडला म्हनते, तो कसा मोडला?"

मी दोन बिया तळहातावर घेतल्या. "हे उदासीन कण समजा बाबा. ही डावीकडे गेली, ती उजवीकडे. किंवा उलट. झाले दोन प्रकार."

"एकाच पाकिटातल्या हायेत ना ह्या?"

"हो."

"मंग अदलाबदल करून काय बदललं? एकच प्रकार दोनदा मोजला तू. तुह्या कॉलेजात कोनी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं; वर्गात मीच सांगत असे. धन आणि ऋण वेगळे ओळखू येतात, उदासीन मात्र हुबेहूब सारखे, म्हणून त्यांचा दर निम्मा करायचा असतो. तिथेच शेतात, बियांच्या ओळीत बसून तो निम्मा केला. नियम दुपटीवर जसाच्या तसा उभा होता.

शुक्रवारी प्राचार्यांना म्हटलं, "सर, नियम मोडला नाही. माझं गणित चुकलं."

"आता काय सांगता बाप्पा? शाल आणली, हार सांगितला. सोमवारपर्यंत मोडलेला राहू द्या ना."

मोह झाला. पण प्रबंध वाचणारे हार पाहत नाहीत. शनिवारी शाल अंगावर पडल्यावर मी माईकवर सगळं कबूल केलं, बियांसकट. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या म्हणून मागच्यांनीही वाजवल्या. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

अध्यक्ष उठले. "नियम मोडणारे आम्ही पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "मोडलेला नियम दोन दिवसांत दुरुस्त करणारा हा पहिलाच."

सोमवारी मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं, "तो नियम आता नीट चालू आहे ना?"

"हो साहेब."

"पुन्हा बिघडणार नाही?"

"माझ्या हातून तरी नाही."

त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र आलं.