तांत्रिक बिघाड

माझा आवाज चालू असताना काकांनी हात पुढे केला आणि माझ्या माइकचा खटका खाली ओढला.

मी वाचतच होते. कानांवर हेडफोन होते, त्यात माझा आवाज येईनासा झाला. मग काकांचा आला. गोड, सावकाश. "श्रोतेहो, क्षमा करा. थोडा तांत्रिक बिघाड झाला होता."

आणि त्यांनी तीच सूचना पहिल्यापासून वाचली. रविवारी दुपारी सगळ्यांनी हॉलवर जमायचं, आणि येताना प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. मी म्हटलं होतं, "आनि येताना कोनी विसरू नका." बिघाड एवढाच. माझा न.

आता लिहिताना मी 'पाणी' लिहिते. बोलताना पानीच म्हणते.

ही पेनसिल्व्हेनियातली गोष्ट, ऐंशीच्या दशकातली. स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी मृदाशास्त्रात पीएचडी करत होते. गावात एक लहानसं सामुदायिक रेडिओ स्टेशन होतं, एका जुन्या इमारतीच्या तळघरात. गावातल्या कुणीही तिथं जावं, काम शिकावं, कार्यक्रम करावा, असा त्यांचा नियम. रविवारी सकाळी तिथून एक तास मराठी लागायचं. तो तास काका-काकूंचा. काका इंजिनिअर, बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. गावातल्या सगळ्या मराठी मुलांचे ते काका.

मला ते कॅम्पसच्या बसमध्ये भेटले. मराठी ऐकून खूश झाले. मग विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा. मूळ गाव?" नागपूर म्हटलं. "नागपुरात कुठे?"

हे प्रश्न मला पाठ आहेत. एकेक करून ते माणसाला कोपऱ्यात नेतात. मी वस्तीचं नाव सांगितलं. काका हसले. "छान, छान. ये की रेडिओवर. हेल्प लागतेच आम्हाला."

काहून बोलावून राहिले, असं मनात आलं. तरीही गेले. महिनोन् महिने मराठी कानावर पडलं नव्हतं. अशी भूक वाईट.

मला काम मिळालं टेपचं. मोठ्या चकत्यांवरची टेप लावायची, गुंडाळायची, नको तो भाग ब्लेडनं कापायचा, उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. बोलायचं त्यांनी. गाणी निवडायची काकूंनी. एकदा मी म्हटलं, चौदा एप्रिल जवळ आला, आमच्याकडं जयंती असते, त्यावर थोडं करू. काकू म्हणाल्या, "आपण ना, पॉलिटिकल काही ठेवत नाही गं." पुढच्याच आठवड्यात मुंजीच्या गाण्यांचा खास कार्यक्रम झाला. टेप मीच लावली.

मग एका रविवारी सूचना वाचणारी मुलगी आजारी पडली, आणि मला माइक मिळाला. पुढं काय झालं ते सांगितलंच.

कार्यक्रम संपल्यावर काकूंनी डबा उघडून माझ्यासमोर धरला. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. इट्स नथिंग पर्सनल. रेडिओला जरा शुद्ध लागतं. तुझं आडनाव ऐकलं तेव्हाच मी यांना म्हटलं होतं की..."

वाक्य तिथंच थांबलं. मी ते पूर्ण करत बसले. बसमध्ये, लॅबमध्ये, अंथरुणात. दर वेळी वेगळं. दर वेळी तेच.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. सोमवारी गेले.

स्टेशनची व्यवस्था बघायची डोरोथी. पन्नाशीची गोरी बाई, कोळशाच्या खाणीत राबलेल्या माणसांच्या घरातली. मला माइकवर बोलायचंय, असं सांगितल्यावर म्हणाली, ट्रेनिंग पुरं कर, मग तुझा स्वतःचा कार्यक्रम माग. तिनं सगळं शिकवलं. आवाजाची पातळी कशी राखायची, मुलाखत कशी घ्यायची, दोन मशीन एकदम कशी चालवायची. फुकट. म्हणून मी जास्तच सावध. फुकट देणाऱ्याला काहीतरी हवं असतं. एक दिवस तिनं विचारलं, काकांचा कार्यक्रम का सोडलास? मी जातीबद्दल थोडक्यात सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "तुझी स्टोरी फार पॉवरफुल होईल," ती म्हणाली.

आलं बाहेर, मला वाटलं. हिला माझं रडणं रेडिओवर लावायचंय. मी म्हटलं, "मला स्टोरी सांगायची नाही. मला कार्यक्रमाचा वेळ पाहिजे."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "ठीक आहे. मग समितीसमोर तसंच सांग."

कुणाला कोणता वेळ द्यायचा ते एक समिती ठरवायची. स्टेशनवर काम करणारी माणसं तिला निवडून द्यायची. बैठकीला मी गेले तर काका आधीच येऊन बसलेले. कोट घालून. त्यांनी छान इंग्रजीत सांगितलं, की मुलगी हुशार आहे, पण बोलते ती एक बोली. मराठी श्रोत्यांना ती कळणार नाही. शिवाय मराठी कार्यक्रम आहेच. तिनं टेप करून आणावी, आपण तपासून आपल्या तासात घेऊ.

समितीतली माणसं मान डोलवायला लागली. त्यांच्यातल्या एकालाही मराठीचा शब्द येत नव्हता. एकानं मला नाही, काकांनाच विचारलं, "फरक खरंच एवढा आहे का?"

माझी भाषा कळते की नाही, हेही काकांनीच सांगायचं.

मी काकांकडे वळले आणि घरी आईशी बोलते तशी बोलले. "काका, मी जे बोलून राहिली ते तुमाले समजून राहिलं का?"

काका चटकन म्हणाले, "हो, समजतंय, पण प्रश्न तो नाहीये."

मी समितीकडे वळून इंग्रजीत म्हटलं, "मी माझ्या बोलीत त्यांना विचारलं, समजतंय का. ते म्हणाले, समजतंय."

काकांनी चष्मा काढून पुसला. मी पुढं म्हटलं, "टेप करून कुणाकडे तपासायला देणार नाही. त्यांची कुणी तपासत नाही."

मला अर्धा तास मिळाला. बुधवारी भर दुपारी. म्हणजे मराठी माणूस कामावर नाहीतर क्लासमध्ये असतो तेव्हा. हे मुद्दाम झालं की सहज, डोरोथीला विचारलं. ती म्हणाली, तोच वेळ मोकळा होता. माझा विश्वास बसला नाही. तरी मी तो घेतला.

पहिल्या बुधवारी मी "जयभीम" म्हणून सुरुवात केली. आईनं नागपूरहून पाठवलेली कॅसेट लावली. जयंतीला आमच्या गल्लीतल्या बायांनी म्हटलेली गाणी. मध्येच कुकरची शिट्टी होती, कुणीतरी खोकत होतं. काही कापलं नाही.

कार्यक्रम संपला आणि फोन वाजला. एक बाई. आधी इंग्रजीत बोलली, मग हळू आवाजात मराठीत. "ताई, मी पण. आमच्या यांनी इथं येताना आडनाव बदललं. दर रविवारी आम्ही काकांकडे जातो." थोडं थांबून म्हणाली, "माझं नाव कुठं घेऊ नका."

मी म्हटलं, "तुम्ही ते सांगितलंच नाही."

तिनं फोन ठेवला. मला आनंद झाला नाही. राग आला. तिच्यावर नाही.

नंतर काका आले, हातात मिठाईचा डबा. "आपण एकत्र करू या. रविवारी दहा मिनिटं तुझी. एवढ्याशा गावात मराठी माणसांचे दोन कार्यक्रम बरे दिसत नाहीत."

"कुणाला बरे दिसत नाहीत, काका?"

ते डबा टेबलावर ठेवून गेले. मी तो उघडला नाही.

त्या आठवड्यात समितीची निवडणूक जाहीर झाली. मी माझं नाव दिलं. डोरोथीनं विचारलं, अभ्यास, लॅब, कार्यक्रम, त्यात हे कशाला? मी तिला सांगितलं, वेळ वाटणाऱ्यांत मला बसायचंय. यापुढं माझ्या भाषेबद्दल, माझ्या माणसांबद्दल त्या टेबलावर काही ठरणार असेल, तर मी तिथं असेन. माझ्या वतीनं कोणी बोलायचं नाही. काकांनी नाही. आणि डोरोथी, तूही नाही.