मंडपाच्या दारावरचा श्लोक

लग्नाचे मंडप, म्हणजे मंगल कार्यालयं, चालवणाऱ्या मालकांइतकी बिनडोक जमात मी दुसरी पाहिलेली नाही. तंजावरात मी वेबसाइटी बनवते, त्यामुळे अनुभवानं बोलते. प्रत्येक जण येतो आणि छाती पुढे काढून म्हणतो, "मॅडम, आम्हाला कुणाकडेच नाही असं काहीतरी पाहिजे." म्हणजे कसं, असं विचारलं की खिशातला फोन काढून शेजारच्या मंडपाची साइट दाखवतो. तीही मीच केलेली असते.

दोन वर्षं हे सोसलं. मग ठरवलं, ह्या लोकांसाठी दर वेळी नव्यानं चूल पेटवायची नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरात अंजरैपेट्टी असते, पाच खणांची लाकडी मसाल्याची पेटी. भाजी कुठलीही असो, हात त्याच पेटीत जातो. तशी मी कामाची एक पेटी केली. पहिल्या खणात थीम, म्हणजे साइटचा सांगाडा. रंग आणि फोटो बदलले की नवाकोरा दिसणारा. बाकी चार खणांत माझ्या हातचे प्लगइन, साइटला जोडायचे तयार तुकडे. एक तारखा राखून ठेवायचा, एक फोटोंचा, एक चौकशीच्या फॉर्मचा. पाचव्या खणात होतं अक्षरं मोठी करायचं बटण. ते एका डोळ्यांच्या डॉक्टरनं हट्टानं करून घेतलं होतं. दाबत जावं तशी अक्षरं फुगत जातात. त्याच्यानंतर कुणी ते मागितलं नाही, पण पेटीत होतं म्हणून प्रत्येक साइटच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. महिन्याचं काम दोन दिवसांवर आलं. सगळे एकाच पेटीतलं खातायत, ह्याचा एकाही शहाण्याला पत्ता लागला नाही.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत अप्पा आणि मी दोघंच राहतो. माझे वडील, निवृत्त गणिताचे मास्तर. घरात आम्ही मराठी बोलतो, बाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही. आमच्या तंजावरच्या मराठी लोकांत देवनागरी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला अप्पांनी लहानपणी पाटी देऊन, कान धरून शिकवली. त्यांना एक खूळ होतं. घरातल्या म्हणी, माझी आई हयात असताना करायची ते पदार्थ, लग्नात बायका काय काय बोलायच्या, असलं सगळं ते एका जाड वहीत बारीक अक्षरात उतरवून ठेवायचे. मग काचबिंदू झाला, लिहिणं बंद पडलं आणि मागणं सुरू झालं.

"अगे, तुझ्या त्या पेटीतनं माझ्या वहीची एक साइट कर की. परक्यांना दोन दिवसांत करून देतेस."

"अप्पा, वाचणार कोण आहे?"

"कर तर खरं."

सकाळी कॉफी पिताना हेच, दुपारी रसम-भात जेवताना हेच. मी किती समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. वही माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, मी उचलून परत त्यांच्या कपाटात ठेवायची.

आता थीम म्हटली की नमुन्याचा मजकूर लागतो. मालक आपलं काही लिहून देईपर्यंत जागा भरायची असते. इंग्रजी घातलं तर अर्थ विचारतात. तमिळ घातलं तर, अय्यो, दुरुस्त्या सुचवतात! एका दुपारी फोनवर एका मालकानं डोकं खाल्लं आणि फोन ठेवते तोच अप्पा वही घेऊन दारात उभे. मी त्यांना घालवलं आणि तिरमिरीत देवनागरीत लिहून टाकलं:

"इथे येतो तो एकेक दीडशहाणा. अक्कल शून्य, हौस अपार. सगळ्यांना वेगळं पाहिजे आणि सगळ्यांना तेच पाहिजे. घरी एक म्हातारा आहे, त्याला वहीचं वेड. वाचणारं कुत्रं नाही. मेल्यावर रद्दीत जायची ती वही."

लिहून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तोच मजकूर कायमचा नमुना म्हणून पेटीत ठेवून दिला. ह्या गावात तो कुणाला कळणार होता?

तंजावरजवळच्या पापनाशमच्या एका मंडपवाल्याला साइट दाखवली, तर त्यानं खुर्चीतून उठून पडद्याला हात जोडले. "श्लोकम्!" म्हणाला. देवनागरी दिसली की इथे संस्कृतच समजतात.

"नमुना आहे सार, काढून टाकणार."

"छे छे, काढू नका! माझ्या आईला दाखवतो."

दुसऱ्या दिवशी फोन. आई पाया पडली, श्लोक ठेवाच. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. इथे गाढवानंच शिव्यांना गीता म्हणून डोक्यावर घेतलं होतं. मी हसू दाबून श्लोक तसाच ठेवला. पुढे आणखी दोन मालकांनी "तो श्लोक आम्हालाही" म्हणून मागितला आणि मी तो त्यांनाही दिला. इतकी मजा मला ह्या धंद्यात कधी आली नव्हती.

मग अप्पांच्या चुलतभावाच्या नातीचं लग्न निघालं, पापनाशमला, त्याच मंडपात. बसमधून उतरून अप्पांचा हात धरून मी दारापर्यंत आले आणि जागीच थांबले. दारावर कमानीएवढा फ्लेक्स. वर गणपती, बाजूंना छापलेली झेंडूची फुलं आणि मधोमध माझा मजकूर, वीतवीतभर अक्षरांत.

"चला अप्पा, मुहूर्त टळेल."

अप्पा हलेनात. डोळ्यांमुळे त्यांनी कित्येक महिन्यांत एक ओळ वाचली नव्हती. मान वर करून, ओठ हलवत, एकेक शब्द लावत ते वाचत गेले. शेवटपर्यंत वाचलं. मी त्यांचा हात सोडून दिला होता.

मालक धावत आला. "सारना हे वाचता येतं? अर्थ सांगा ना, सगळे मला विचारतात!" पाच-पंचवीस पाहुणे जमले, त्यांत आमचे मराठी नातेवाईकही. अप्पांनी तो मोठ्यानं वाचला असता, तर वाचता न येणाऱ्या त्या नातेवाइकांनाही शब्दन् शब्द कळला असता.

"हा मोठ्यानं म्हणायचा नसतो," अप्पा तमिळमध्ये म्हणाले. "मनातल्या मनात म्हणायचा. इथे येणाऱ्या प्रत्येकाचं भलं होवो, घराघरात वडीलधाऱ्यांना मान मिळो, असा अर्थ आहे."

लोकांनी हात जोडले. मालकानं अप्पांना पहिल्या रांगेत बसवलं, पानावर दोनदा पायसम वाढायला लावलं. अप्पा नीट जेवले. मी पानावरचा भात चिवडत बसले. आयुष्यभर ज्यांना मूर्ख म्हणत आले, त्यांच्या पंगतीत मीच सगळ्यांत मूर्ख बसले होते.

घरी आल्यावर मीच तोंड उघडलं. "अप्पा, चुकलं माझं. मी रागात लिहिलं."

"मालकांबद्दल लिहिलंस ते खरंच आहे," ते म्हणाले. खुर्ची चाचपून बसले. "पण वाचणारं कुणी नाही, हे खरं नाही गे. मलाच वाचायची होती वही."

"तुम्हाला? तुम्हीच तर लिहिलीय."

"लिहिली, पण आता माझं मलाच दिसत नाही. तुझी आई सणाला काय काय करायची, अर्धं विसरलो. आज ते बॅनरवरचं दिसलं, मोठं होतं म्हणून. कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करता येत असतील, असं मला वाटायचं." मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तुझ्या पेटीत तसलं काही आहे का?"

होतं. पाचव्या खणात, पहिल्या दिवसापासून होतं. त्या पापनाशमच्या गाढवालासुद्धा मी ते बटण न मागता दिलं होतं.