टोपी घातलेली करडई

आमच्या कडेगावच्या मामांइतकं कष्टाळू नाक उभ्या सांगली जिल्ह्यात दुसरं नव्हतं. पलटणीतून हवालदार होऊन परतलेला हा माणूस ताटावर बसला की आधी भाजी हुंगायचा आणि जाहीर करायचा, "तेल खवाटलंय." पावसाळ्यात करडईचं तेल खवट व्हायचंच, सगळं गाव मुकाट खायचं. पण मामा कसले ऐकतात! रानातल्या झाडाझाडाचं बी, थोडं पेरायला राखून, त्यांनी वेगळं कुटलं, तेल इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत भरून प्रत्येकीला पलटणीसारखा नंबर दिला, आणि वास नीट कळावा म्हणून वीस वर्षांची तपकीर सोडली. मामी म्हणाली, "मी सांगून दमले तवा न्हाई सोडली, करडईसाठी सोडली!"

पावसाळा सरल्यावर एकच बाटली ताजी निघाली, सतरा नंबरची. पण ते झाड अगदीच मरतुकडं. मग मामांनी त्याच्या वाणाचं गावच्या दणकट करडईशी लग्न लावलं, एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर हातानं लावून. हात काट्यांनी रक्तबंबाळ, आणि मधमाश्यांनी लुडबूड करू नये म्हणून फुलाफुलाला कागदी टोपी. बांधावरून लोक ओरडायचे, "हवालदार, परेड कवा हाय?"

त्या लग्नाची पहिली पिढी झाडून सगळी खवट निघाली. गाव पोट धरून हसलं. मामीनं निर्वाणीचं सांगितलं, "आवं, पुढच्या घटस्थापनेला बी असंच झालं तर त्या करडईच्या तुकड्यात ऊस लावायचा." मामांनी मान्य केलं, पण हट्टानं म्हणाले, "गुण दडलाय, गेला न्हाई. आज्याचं नाक मधल्याला सोडून नातवाला येतंच की!" त्याच खवट झाडांचं बी त्यांनी पुन्हा पेरलं, पुन्हा टोप्या घातल्या.

घटस्थापनेला अंगणात चाळीस बाटल्या मांडल्या. खवट. खवट. खवट. मामीचा चेहरा पडला. आणि मामा एकदम ओरडले, "ताजं! मर्दा, ताजं हाय!" चाळिसात अकरा निघाल्या! पुढं शेतकी कॉलेजातले एक साहेब सांगून गेले, की या तेलातली स्निग्ध आम्लंच वेगळी, म्हणून ते लवकर खवटत नाही, तब्येतीलाही बरं, आणि हा गुण एक पिढी असाच दडून चालतो. मामा म्हणाले, "मी काय येगळं सांगत हुतो?"

त्या घटस्थापनेच्या दिवशी मामीनं स्वतः बाटल्या हुंगल्या, आत गेली आणि तपकिरीची भरलेली डबी घेऊन आली. "वढा आता." मामांनी चिमूट उचलली, नाकापर्यंत नेली, आणि परत डबीत टाकली. "न्हाई गं. पुढल्या साली बी हुंगायचंय."

काही वर्षांनी मामा गेले, तुकड्यात शेवटी ऊसच आला. मी मात्र अजून दुकानात तेल हुंगूनच घेतो. आणि मामी दर घटस्थापनेला ती डबी पुसून, ताजी तपकीर भरून ठेवते.