व्हॉल्व्ह कोणी घासला

आमच्या बाबांना गल्लीत सगळे ‘कॉफी मशीनवाले’ म्हणत, आणि बाबाही ते ऐकून असे खुलत की जसं काही मशीनचा शोध त्यांनीच लावला. मी मॅट्रिक झाले त्या सुमाराला स्टेशनजवळचं एक हॉटेल बंद पडलं. तिथली इटलीची एस्प्रेसो मशीन बाबा रिक्षात घालून घरी घेऊन आले. तांब्याचा बॉयलर, वर दोन लांब लिव्हर आणि बाकी सगळा गंज. पुढे कुठल्याशा क्लबातली दुसरी आली. सोफा व्हरांड्यात गेला, मशिनी बैठकीत बसल्या. आई नव्हती, त्यामुळे बोलणारं कोणी नव्हतं.

बाबा रामदासपेठेतल्या एका ऑफिसात हेडक्लार्क. जन्मभर कागदांना टाचण्या टोचलेल्या माणसानं हातात पाना घेतला की आटे गेलेच म्हणून समजा. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन नट तोडले आणि इटलीच्या लोकांना शिव्या दिल्या. मग ते आरामखुर्चीत बसून सूचना करू लागले आणि मी काम करू लागले. बॉयलरमधला विहिरीच्या पाण्याच्या क्षारांचा थर मी चिंचेच्या पाण्यानं आठवडाभर सोडवला. चांभाराकडून चामडं आणून लिव्हरखालच्या पिस्टनचे वाटीसारखे वॉशर कापले. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत होता, तो खरखरीत पेस्ट लावून इतका घासला की माझ्या बोटांचे ठसे पुसट झाले. रविवारी बाबांचे ऑफिसवाले यायचे. एक घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, चार चमचे साखर ढवळायचे आणि निघताना हळूच विचारायचे, ‘‘चहा नाही का गा?’’ असले हे कॉफीचे दर्दी.

तरी मला ते काम आवडत होतं. लाज कशाला वाटू द्यायची, चांगलंच येत होतं मला.

मग मला पाहायला कन्हानचा एक मुलगा आला. कोळशाच्या खाणीत ओव्हरसियर, सोबत त्याची आई. पोह्यांवर चहाऐवजी मशीनची कॉफी द्यायची ही बाबांची अक्कल. आदल्या दिवशी त्यांनी मला राखेनं आणि लिंबानं हात घासायला लावले. नखांतलं काळं काही निघालं नाही. ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा मुलगा माझ्याकडे पाठ करून मशीनपुढे उकिडवा बसला होता. मुलगी पाहायला आला होता म्हणे.

‘‘हा व्हॉल्व्ह कोणी बसवला?’’ त्यानं विचारलं. ‘‘थेंब नाही गळून राहिला. आमच्या खाणीतले फिटर असा बसवत नाहीत.’’

मी ट्रे घेऊन उभीच राहिले. वाटलं, आता बाबा माझ्याकडे बोट दाखवतील. या एका वाक्यासाठी मी ते राठ हात इतके महिने सोसले होते.

‘‘मीच,’’ बाबा म्हणाले. ‘‘दुसरं कोण आहे घरात?’’

ट्रे माझ्या हातात होता. मी तो नीट टेबलावर ठेवला. मुलाची आई तेवढा वेळ माझी नखं न्याहाळत होती.

ते गेल्यावर मी विचारलं, ‘‘काहून खोटं बोलले बाबा?’’

‘‘तुझ्याच भल्यासाठी वं,’’ ते म्हणाले. ‘‘पाना धरणारी सून कोणाले पाहिजे?’’

आठवड्यानं नकार आला. मुलीचे हात फार राठ आहेत. झालं माझं भलं.

पण मुलानं बाबांना सोडलं नाही. त्यानं खाणीच्या साहेबांच्या क्लबातली जुनी मशीन मिळवली आणि पोस्टकार्डं सुरू झाली. वाफेच्या दाबाचा काटा वर का जात नाही, वाफ ओली का येते. घरी यायची लाज वाटत असावी, निदान तेवढी तरी होती. बाबा कार्ड वाचत, मान डोलवत आणि माझ्यापुढे सरकवत. ‘‘लिहून टाक त्याले.’’ मी लिहायची, खाली बाबा सही करायचे. त्याचं लग्न झालं, पोरं झाली. ‘‘तुमच्यासारखा गुरू मिळाला हे माझं भाग्य,’’ असं तो दर दिवाळीला लिहायचा. बाबा ते कार्ड ऑफिसात नेऊन दाखवायचे. पुन्हा कोणी मला पाहायला आलं नाही आणि मीही वाट पाहिली नाही.

बाबा वारले तेव्हा त्याचं पत्र आलं. आता विचारायला कोणी उरलं नाही, असं फार रडून लिहिलं होतं. खाली सवयीनं शंका होतीच. लिव्हर ओढला की पिस्टनच्या वरून पाणी गळतं.

मी उत्तर लिहिलं. चामडी वॉशर उलटा बसलाय, वाटीचं तोंड खाली करा. आणि पुढे लिहिलं, की आजवरची सगळी उत्तरं माझी होती आणि तो व्हॉल्व्हही मीच घासला होता. खाली माझी सही केली.

अक्षर तेच होतं, शाई तीच होती, फक्त सही वेगळी. त्याच्या साऱ्या शंका त्या दिवशी फिटल्या. पुन्हा एक पोस्टकार्ड आलं नाही.