थोरल्या दिराची चांदणी

उन्हाळा सरत आला, की नाशिकला दिवेलागण टळून गेली तरी गच्चीवरची फरशी तळपायांना कोमट लागते. गोदावरीकडून येणारा वारा मानेवरचा घाम नुसता इकडचा तिकडे करतो. अशा वेळी आग्नेयेला, सिन्नरच्या अंगाला बघावं. क्षितिजाच्या थोडं वर एक तांबूस चांदणी दिसते, कुणी हळूहळू फुंकर घालत असावं तशी उजळत, मंदावत. बाकीच्या सगळ्या शुभ्र नि समंजस. हिनेच कुणावर एवढा कोप धरला असेल? ही ज्येष्ठा. माझा जन्म तिच्याच नक्षत्रावरचा, त्यामुळे आमचं नातं मला न विचारताच ठरून गेलं.

ज्येष्ठा नक्षत्रावरची मुलगी थोरल्या दिराला वाईट, असं आमच्याकडे म्हणतात. नव्वदच्या दशकात माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा या एका वाक्याने तीन स्थळं पत्रिका पाहूनच परतली. बी.एस्सी. झालेली, शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी मी; आणि माझे वडील थोरला दीरच नसलेलं घर शोधत वणवण करत होते. मला भयंकर संताप यायचा. जिच्यापायी हे नकार येतात ती आहे तरी कोण, अशा चिडीने मी तिची माहिती जमवायला बसले. पण चीड कधी मावळली आणि कुतूहलाने कधी हात धरला, ते कळलंच नाही.

केवढी अफाट ती! आपल्या सूर्याच्या जागी तिला नेऊन ठेवली, तर बुध, शुक्र, आपली पृथ्वी आणि मंगळसुद्धा तिच्या पोटात गडप होतील. एवढा विराट देह, पण बाहेरून इतका विरळ, की आपल्या श्वासातली हवा त्याच्यापुढे दाट म्हणावी. पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड, म्हणून तर तो रक्तिमा. म्हणजे मी ज्याला क्रोध समजत होते तो चक्क थंडावा निघाला! नाव ज्येष्ठा, थोरली. वयाने मात्र सूर्यापुढे कालचं पोर. तो साडेचारशे कोटी वर्षांच्या घरातला, आणि हिची उणीपुरी कोटी-दीड कोटी. जळण असं काही उधळलं, की ऐन तारुण्यातच वार्धक्य आलं. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी तिथून निघाला, तेव्हा नाशकात पेशवाई यायलाही तीनेक शतकं अवकाश होता. मग इतक्या दुरून माझ्या होणाऱ्या दिराचा पत्ता तिला दिला कुणी?

तसं घर मिळेना; चौथं स्थळ आलं तेही थोरला दीर असलेलंच, मखमलाबादचं. गुलाबाची शेती, मुलगा सातपूरच्या कारखान्यात, आणि थोरला भाऊ, नाना, शेती सांभाळणारा. मुलाला मी पसंत होते, मलाही तो. नानांच्या बायकोने, ताईंनी, मात्र बैठकीतच सांगून टाकलं, "माझ्या कुंकवाचा सवाल हाय. मला नाय चालायचं." मला त्यांचा राग आला नाही. त्या गोष्टीवर माझा विश्वास असता, तर मीही हेच म्हटलं असतं.

आठवड्याने, दिवस मावळल्यावर, नाना एकटेच मोटारसायकलवरून आले आणि वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, पत्रिका ऱ्हाऊ द्या. मला मारणारी चांदणी कोणती, ती तेवढी दावा."

मी त्यांना गच्चीवर नेलं. बोटाने दाखवली. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले, जसं पीक बघायला बांधावर उभे राहतात तसे. मग एकेक विचारू लागले: एवढी मोठी, तर दिसती बारीक कशी? लाल का? जळण संपल्यावर काय? मी म्हटलं, एक दिवस तिचा प्रचंड स्फोट होईल, भर दुपारी दिसेल एवढा. कदाचित लाखो वर्षांनी, कदाचित त्याआधीही.

"म्हंजी तिच्यामागं तिचंच लय हाय की," नाना म्हणाले. "ती मला कुठं मारत बसती! पोरी, आम्हाला पसंत हाय."

लग्न झालं. नाना संध्याकाळी ओट्यावर बसून मला आभाळातलं काहीबाही विचारत, आणि ताई पाठ करून लसूण सोलत बसत. माझ्याशी त्यांनी कधी दुजाभाव केला नाही. फक्त नानांना साधा ताप आला, तरी त्यांची नजर आधी माझ्याकडे वळे. त्या नजरेपुढे साडेपाचशे प्रकाशवर्षांचा काय उपयोग! असं दहा-बारा वर्षं चाललं.

मग एका मे महिन्यात गुलाब काढता काढता नाना वाफ्यातच कोसळले. हृदयाचं दुखणं, त्याच दिवशी शस्त्रक्रिया. दवाखान्यात मी जवळ गेले की नातेवाइकांचं बोलणं थांबे. मी बाहेर येऊन पायरीवर उभी राहिले. अंधार पडला होता, आणि दोन इमारतींच्या फटीत ती होती. सांगायला लाज वाटते, पण लपवून काय करू? तिचं वय, तिचं अंतर, तिची विरळ काया, सगळं सगळं मला पाठ होतं, आणि तरी माझे हात जोडले गेले. सोड गं त्यांना, मी म्हणाले, हवं तर मला ने. मला फार भीती वाटत होती.

मागून ताई आल्या. आता ऐकावं लागणार, म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी माझे जोडलेले हात धरले आणि खाली ओढले.

"तिला काय इनवतीस?" त्या म्हणाल्या. "लय लांब हाय म्हणायचीस ना? मी तर तुझं खरं धरून चालले होते गं."

नाना त्या दुखण्यातून उठले. कुणाच्या कृपेने वाचले, असं कुणी विचारलं, तर ताई शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं नाव सांगतात. मला मात्र पायरीवर जोडलेले माझे हात आठवतात.