बिनकौलांची सही

हुसेन पेवेकरला स्वतःचं नाव लिहायला त्याच्या बायकोनं शिकवलं, आणि तेही भांडून.

त्र्याहत्तर साल. कुवेतच्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली म्हणून हुसेनने मुंबईच्या एजंटाकडून पासपोर्ट काढला आणि मोठ्या ऐटीत गावी आणला. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव, पासपोर्ट बघायला निम्मा मोहल्ला गोळा झाला. झुलेखाने पानं उलटली, फोटोखालचा निळा अंगठा पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं.

"एवढा बाप्या माणूस, दर्या ओलांडून चाललाय, आणि अंगठा? अंगठेबहाद्दराची बायको म्हणून मिरवू की काय मी?"

सगळ्यांसमोर म्हणाली हो! हुसेन कानापर्यंत लाल झाला. पण चौथी पास झालेली ती मोहल्ल्यातली एकटीच बाई. तिच्यापुढे बोलणार कोण?

निघायला अकरा दिवस होते. रोज संध्याकाळी झुलेखा पाच वर्षांच्या लेकीची, बिल्कीसची पाटी काढायची आणि नवऱ्याला समोर बसवायची. दोनशे माणसांची बिर्याणी एकट्याने उतरवणारा हा गडी, पण पेन्सिल हातात धरली की घामाघूम. "हा ह आहे की गांडूळ?" असं म्हणत ती पुसून टाकायची. हळूहळू हु जमला, मग से, मग न. तिचा एक नियम मात्र पक्का होता. आधी सगळी अक्षरं लिहायची आणि वरची रेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे, एका दमात ओढायची.

"आधी भिंती, मग कौलं," ती सांगायची. "कौलं चढवल्याशिवाय घर झालं म्हणतात का?"

अकराव्या दिवशी पाटीवर कौलांसकट हुसेन उभा राहिला. झुलेखा हसली आणि लगेच तोंडाला पदर लावून रडायलाही लागली.

कुवेतला आल्यावर पहिल्या पगाराच्या वेळी इस्पितळाच्या कारकुनाने सगळ्या नव्या माणसांना बँकेत नेलं. खातं उघडायचं होतं. काउंटरवर अशरफ नावाचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा बाबू बसला होता, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. त्याने एक कार्ड पुढे सरकवलं आणि सहीची जागा दाखवली. मागे तीस माणसांची रांग. हुसेनने जीभ दातांत धरली आणि लिहिलं, हु, मग से, मग न. भिंती झाल्या. कौलं चढवायला त्याने पेन उचललं, तेवढ्यात अशरफने विचारलं, "खलास?" झालं का, असं तो विचारत होता. हुसेनला अरबी कुठलं येतंय! त्याने घाबरून मान हलवली. अशरफने कार्ड ओढलं, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

रेघ राहिली ती राहिलीच. दुसऱ्या महिन्यात हुसेनने पैसे काढायच्या चिठ्ठीवर व्यवस्थित रेघेसकट सही केली, तर अशरफने कार्ड समोर धरून बोट नाचवलं. ही वरची काठी कुठून आली? जशी कार्डावर, तशीच सही हवी. भांडणार कसं आणि कुठल्या भाषेत? तेव्हापासून बँकेत हुसेन बिनरेघेचा झाला. ही गोष्ट खोलीतल्या नूरुद्दीनने त्याच्या वतीने गावी लिहून कळवली. पत्राच्या शेवटी मात्र हुसेन स्वतः सही करायचा, वर ठसठशीत रेघ ओढून. झुलेखाचं उत्तर आलं, "बँकेत बिनकौलांचं घर चालत असेल तर चालू दे. माझ्याकडे याल तेव्हा कौलं घालूनच या." पत्र वाचताना जलीब या कामगारवस्तीतल्या त्या खोलीतली सहाही माणसं पोट धरून हसली.

नऊ वर्षं गेली. हुसेन दर दोन वर्षांनी गावी जायचा आणि परत यायचा. अशरफशी त्याची चांगली दोस्ती झाली. अशरफ काउंटरवर बसून मोडकी हिंदी शिकला होता. हुसेन दिसला की डोक्यावर हात ठेवून विचारायचा, "आज पण टोपी नाय?" आणि पैसे मोजून द्यायचा. झुलेखाने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मागून मागून काय मागितलं असेल, तर एक चांगला चष्मा. हुसेनच्या खात्यात सातशेवर दिनार साठले होते.

ब्याऐंशीच्या एका बुधवारी सकाळी इस्पितळात तार आली. नूरुद्दीन तिथेच वीजदुरुस्तीला होता. त्याने वाचून दाखवली, झुलेखा अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा. हुसेनने शेगडीवरचं पातेलं तसंच सोडलं आणि ऑफिसकडे धावला. माणसं भली होती, ऑफिसने तासाभरात रजा दिली, पासपोर्ट हातात दिला. नूरुद्दीनने विमानात जागा मिळवली, त्याच संध्याकाळची. तिकिटाचा एजंट म्हणाला, बारापर्यंत पैसे आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. शंभर दिनारचं काम होतं आणि खात्यात सातशे होते. आता काय अडायचं होतं?

बँकेत अशरफच्या खुर्चीवर दुसराच कोणी पोरगेला बाबू होता. अशरफ बायकामुलांना घेऊन खैरानला समुद्रावर गेला होता, शनिवारी येणार होता. हुसेनने चिठ्ठी घेतली. त्याच्या डोळ्यांपुढे पाटी होती, आणि पाटीमागे झुलेखा. तिला काय झालं असेल, ती वाट बघत असेल का, आपण पोचू ना, या एवढ्या विचारात त्याने हु लिहिला, से लिहिला, न लिहिला आणि वरून रेघ ओढली. डावीकडून उजवीकडे, एका दमात. त्या दुसऱ्या महिन्यानंतर नऊ वर्षांत बँकेत कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला, कारण त्या दिवशी तो बँकेत नव्हताच, तिच्यासमोर बसला होता.

पोरगेल्या बाबूने कार्ड काढलं, चिठ्ठी शेजारी धरली आणि मान हलवली. हुसेनने दुसरी चिठ्ठी मागून बिनरेघेची सही केली, पण घाईघाईत ह खरंच गांडुळासारखा झाला. बाबू आणखी बिथरला. त्याने पासपोर्ट मागितला. पासपोर्टवर अंगठा! एका माणसाच्या तीन तऱ्हा. हा माणूस कोण, म्हणून तो संशयाने बघायला लागला. हुसेनने तार दाखवली, हात जोडले, हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं, शेवटी नुसता रडला. बाबूही वाईट नव्हता, त्याने पाणी आणून दिलं. पण पैसे दिले नाहीत. मुदीर म्हणजे मॅनेजर बाहेरगावी, त्यांना विचारल्याशिवाय देता येत नाही, ते येतील तेव्हा, शनिवारी या.

महिन्याची पंचवीस तारीख. जलीबमधल्या खोल्यांतून कुणाच्या खिशात काय असणार? सगळ्यांनी पगार कधीच गावी धाडलेले. नूरुद्दीन दारोदार फिरला तेव्हा बारापर्यंत एकतीस दिनार जमले. जागा गेली.

मेल्या त्या रेघेपायी!

शनिवारी अशरफने हुसेनला दारातून पाहिलं आणि कार्डही न काढता पैसे दिले. हुसेन त्याच दिवशी उडाला, मुंबईहून एसटी पकडून रविवारी संध्याकाळी गावात पोचला. आवारात चपलांचा ढीग होता, आणि घरातून कुराण पढल्याचा आवाज येत होता. झुलेखाला शुक्रवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाआधी दफन केलं होतं.

बिल्कीस आता चौदा वर्षांची झाली होती. ती बापाच्या गळ्यात पडली नाही. लांबूनच म्हणाली, "अम्मी गुरुवारी शुद्धीवर होती, अब्बा. दिवसभर. दोनदा म्हणाली, पैशांची काळजी नाही त्यांना, येतीलच आज."

हुसेन काय सांगणार त्या पोरीला? तुझ्या आईने शिकवलं तसंच लिहिलं, म्हणून राहिलो, असं? हातातली पिशवीसुद्धा त्याने खाली ठेवली नाही. पिशवीत मुंबईत घाईघाईने घेतलेली चष्म्याची फ्रेम होती.

दोन महिन्यांनी तो कुवेतला परतला, कारण पोरीचं लग्न व्हायचं होतं आणि पोट कुणाला सुटलंय? बँकेत गेला तेव्हा अशरफने त्याला काउंटरच्या आत बोलावून खुर्ची दिली. झालेलं सगळं नूरुद्दीनकडून त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने कोरं कार्ड काढलं, पेन पुढे केलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "पहले दिन मैंने जल्दी किया. अब तुम लिखो. पूरा. मैं नहीं खींचेगा."

हुसेनने कार्डाकडे बघितलं. पेन उचललं, आणि परत खाली ठेवलं. मग शाईची डबी मागितली.

"लेकिन तुमको तो लिखना आता है!" अशरफ म्हणाला.

"आता था," हुसेन म्हणाला.

त्याने डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि सहीच्या जागी दाबला. अशरफने खरोखरच कार्ड ओढलं नाही. शाई वाळेपर्यंत तो मांडीवर हात ठेवून बसून राहिला, आणि रांगेतली माणसं ताटकळत उभी होती.