बग्गीचा नियम जीपला

जीप जॅकवर होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, मी डावा पाटा उतरवत होते. तेवढ्यात धाकटे दीर कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. हातात नवं कोरं कुलूप.

"वहिनी, दादा जाऊन वर्ष झालं. ही जागा पिठाच्या गिरणीला द्यायचं ठरवलंय मी."

"तुम्ही ठरवलंय. मी नाही, भाऊजी."

"बाईच्या हातची गाडी कोण नेणार? आज या गिऱ्हाइकाने तुम्हाला समोर बघून गाडी ताब्यात घेतली, तर मी परत या विषयावर बोलणार नाही. नाहीतर संध्याकाळी दाराला हे कुलूप."

"बसा मग. तो तेलाचा डबा आहे, त्यावर बसा."

ही गोष्ट धारची, संस्थान विलीन झाल्यानंतरची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरबारच्या बग्गीखान्यात होते. यजमानांनी मोटारींचा कारखाना काढला. मी मराठी चौथी शिकले, पुढचं यजमानांशेजारी बसून. त्यांचा दमा वाढला तसा पाना माझ्याच हातात आला. ते पुढे गिऱ्हाइकाशी बोलत, मी मागे काम करी. गिऱ्हाइकाला वाटे, मागे कोणी मिस्त्री आहे.

ही जीप लष्कराने विकायला काढलेली, लढाईतली. धरमपुरीचे रामेश्वर ठेकेदार तीत गंधवानीपर्यंत सवाऱ्या नेत. त्यांचा ड्रायव्हर गाडी आमच्याकडे टाकून गेला होता. तक्रार अशी, की गाडी डावीकडे झुकते आणि खड्डा आला की स्टिअरिंग हातातून ओढून घेते.

पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. चाकाला बसलेला धक्का तो आधी खातो, उरलेला माणसाला देतो. गाडी आली त्या दिवशीच मी खाली शिरून बघितलं, तर डाव्या पाट्याची सगळ्यात वरची पट्टी मोडलेली. डही गावच्या कुणा लोहाराने तिच्या जागी बैलगाडीच्या धावेचा तुकडा ठोकून घातला होता. धाव चाकावर चढवायला चांगली. ती साधं लोखंड. दबली की दबलेलीच राहते, पाट्यासारखी परत उठत नाही.

पाट्याच्या टोकाला शॅकल असतं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरणारी कडी. या जीपच्या एका शॅकलला खालच्या बाजूला उलटे आटे होते, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायचे. लोहाराने ते जोर लावून सुलटे फिरवलेले. आटे गेले, शॅकल गेलं, आतली बुश म्हणतात ती नळीही गेली. महूच्या भंगारबाजारातून मी दोन्ही बाजूंचे पाटे आणि शॅकल-बुश आणवून ठेवले होते. नवा एका बाजूला, थकलेला दुसऱ्या बाजूला, अशी गाडी सरळ चालत नाही. दोन्ही चढवले, बोल्ट आवळले, ग्रीस भरलं. भाऊजी डब्यावर बसून बघत होते.

दुपारी ठेकेदार आले. मी समोर उभी असून त्यांनी भाऊजींना विचारलं, "मिस्त्री किधर है, भिया?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं आणि हसले.

"ये? ये तो बई है!" ठेकेदार माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिले. "बई, मैं इसमें सवारी बिठाता हूँ. घाट में पाटा निकल गया तो?"

"तो पहले मैं गिरूँगी. बैठिए."

मामंजींचा नियम होता. ज्याने बग्गीचा पाटा चढवला, त्याने पहिल्या फेरीला बग्गीत बसायचं. यजमानांनी तो मोटारींना लावला. मी पदर खोचला आणि ठेकेदारांच्या शेजारी चढले.

भाऊजी डब्यावरून उठले. "वहिनी! परपुरुषाशेजारी, उघड्या जीपमध्ये? उद्या हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नाही!"

"विधवेला आजवर कोणी बोलावलंय?"

"निदान तळ्यामागून तरी जा."

"तो रस्ता सपाट. बाजारातली फरशी उखडलीय, पाटा तिथेच कळतो. बाजारातूनच घ्या, ठेकेदारसाहेब."

बाजारात माना वळल्या. एका कापडवाल्याचा गज हवेतच राहिला. भाऊजींचे व्याही ओट्यावर बसले होते, त्यांना मी नमस्कार केला. जीप खड्ड्यांतून गेली आणि सरळ राहिली. पुढे घाटात ठेकेदारांनी मुद्दाम डावं चाक खळग्यात घातलं. मी दांडी धरली नाही. ते पाटा बघत नव्हते, मला बघत होते. गाडीने एक हेलकावा खाल्ला आणि सावरली. मग त्यांनी स्टिअरिंगवरची मूठ सैल केली.

परत आल्यावर ते भाऊजींकडे वळलेच नाहीत. मला म्हणाले, "बई, अगले फेरे में पीछे के पाटे भी देख लेना."

जीप गेली. भाऊजी कुलूप घेऊन निघाले.

"ते ठेवून जा," मी म्हटलं. "रात्री दार लावायला मला लागेल."

लोक खूप बोलले. बोलणाऱ्यांच्या गाड्याही मग आल्या. कुलूप चांगलं निघालं, अजून दाराला तेच आहे.

नव्या मिस्त्रीला मी इतकंच सांगते. पाटे जोडीने बदल, आटे कोणत्या बाजूचे ते आधी बघ, आणि पहिल्या फेरीला बसायची तयारी नसेल तर पाना खाली ठेव.